बत्तीस वेळा स्पष्ट

"मॅडम, बहिऱ्यांच्या गावात रेडिओ काढायलाय खरं, ऐकणार कोण?"

हा प्रश्न माझा नव्हता. सना आणि तेजूचा होता. नगरपालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये आम्ही तिघी एका बाकावर दाटीवाटीनं बसलो होतो. सनानं माझ्या मांडीला चिमटा काढून म्हटलं होतं, "विचारलंस तर भडंगाचं मोठं पाकीट. न्हाई विचारलंस तर उद्या वर्गात सगळ्यांना सांगणार, स्वरूपा मुसळे भित्री."

भित्री? मी? मी तेव्हा आठवीत होते, आणि महिन्याभरापूर्वीच वक्तृत्वात जिल्ह्यात दुसरी आले होते. माइक दिसला की माझे हात शिवशिवायचे. मी ताडकन उभी राहिले आणि विचारलं. नुसतं विचारलं नाही, शेवटच्या शब्दावर हात पण फिरवला.

सगळा हॉल हसला. पन्नास-साठ माणसं होती, बहुतेक यंत्रमागवाले, दिवसभर खडखडाटात काम करणारे. मी मागं वळून बघितलं. शेवटच्या रांगेत बसलेले पप्पासुद्धा हसत होते, शेजारी बसलेल्या, त्यांच्याच शेडमधल्या कट्टीमनीकाकांच्या पाठीवर थाप मारत. मला इतकं भारी वाटलं! आता मी दहावीत आहे, पण ते हसणं डोळ्यासमोरून जात नाही.

स्टेजवर इनामदार मॅडम होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज असा की अजून कुणी त्यांच्यासमोर खिशात हात घालत नाही. त्यांच्या शेजारी टीव्ही दुरुस्त करणारे फिरोजभाई, गळ्यात वायरीचं वेटोळं. गावातल्या लोकांनी गावासाठी चालवायचा रेडिओ या दोघांच्या डोक्यातून निघाला होता. नाव ठरलं होतं, रेडिओ धोटा. धोटा म्हणजे मागावर या टोकाकडून त्या टोकाकडं सूत घेऊन पळणारी लाकडी होडी. पगार कुणालाच नव्हता. ज्याला यायचं त्यानं यायचं आणि जमेल ते करायचं.

फिरोजभाई हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"नाव काय?"

"स्वरूपा महादेव मुसळे. आठवी ब."

"जॉबर मुसळ्यांची मुलगी?"

"हो."

"प्रश्न चांगला आहे, स्वरूपा. मग त्याचं उत्तरही तूच आण."

उत्तर कसं आणायचं, ते त्यांनी तिथंच सांगितलं. दर शुक्रवारी आमच्या भागातली वीज दिवसभर बंद असते. त्या दिवशी माग थांबतात आणि त्यांची दुरुस्ती होते. संध्याकाळी लाईट यायच्या आधी पाण्याच्या टाकीवरचा, वेगळ्या लाईनवर चालणारा भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की मागातून हात बाहेर. पण दोन महिन्यांपूर्वी भोंग्याची मोटार जळाली, आणि तेव्हापासून एक लाइनमन सायकलवरून स्टीलची थाळी बडवत गल्लीबोळांतून फिरत होता.

"तो बिचारा एकटा किती फिरणार?" मॅडम म्हणाल्या. "वीज कार्यालय आपल्याला फोन करायला तयार आहे. पाच मिनिटं आधी आपण रेडिओवर सांगायचं. पण त्याआधी कळायला हवं, आवाज मागांच्या शेडपर्यंत पोचतो का. पोचत असेल, तर ती सूचना तूच वाच."

मी खाली बसले तेव्हा सनानं भडंगाचं पाकीट पुढं केलं. मला त्याची आठवणही राहिली नव्हती.

*

पप्पांबद्दल सांगायला हवं. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. विणणारे विणतात, पण माग बिघडला की जॉबरला हाक. पप्पा आजारी मागापाशी जायचे, उजवा तळहात त्याच्या लोखंडी चौकटीवर ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, "बेअरिंग गेलंय." नाहीतर, "डावीकडचा पट्टा ढिला हाय." खोलून बघितलं की तेच निघायचं. दुसऱ्या शेडचे मालकसुद्धा त्यांना न्यायला गाडी पाठवायचे. गल्लीत म्हणायचे, "मुसळ्याचा कान म्हणजे कान!"

घरी ते फार बोलत नसत. मी बोलायचे. शाळेतून आले की दप्तर फेकता फेकता, चप्पल काढता काढता, आरशात वेणी घालता घालता. ते "हां हां" म्हणायचे. कधी भलत्याच ठिकाणी म्हणायचे. मी आईला सांगायचे, "बघ गं, पप्पांचं लक्षच नसतंय." आई म्हणायची, "दमलेलं माणूस हाय ते. समोर बसून बोलत जा की."

*

चाचणी पाच दिवस चालली. शाळेच्या सामानाच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून फिरोजभाईंनी स्टुडिओ केला होता. तिथून संध्याकाळी पाच ते सहा माझाच रेकॉर्ड केलेला आवाज सुटायचा. 'नमस्कार, रेडिओ धोटाची ही चाचणी आहे.' पुढं एक ते शंभर आकडे, आणि परत पहिल्यापासून. सनाला वरची गल्ली, तेजूला बाजारपेठ आणि मला आमचीच नदीकडची गल्ली. प्रत्येकीकडं हाताएवढा एक रेडिओ आणि छापील फॉर्म. नाव, शेड, सही, आणि तीन चौकोन. स्पष्ट. खरखर. नाही.

मी शेवटच्या दिवशी एका दमात सगळं उरकलं. आधीचे चार दिवस मी स्टुडिओतच नाचत होते, हे खरं.

आमच्या गल्लीत संध्याकाळी पाचला दुसरी पाळी जोरात असते. दोन्ही बाजूंना शेड, आत शे-दीडशे मागांचा खडखडाट. शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर ओरडायला लागतं. आत काम करणारे तर ओरडतही नाहीत. नुसते ओठ हलवतात आणि हातानं खुणा करतात. एक बोट वर म्हणजे धोट्यातली सुताची कांडी संपली. मूठ फिरवली म्हणजे चहा. मी रेडिओचा आवाज पूर्ण वाढवला आणि एकेकाच्या कानाला लावत सुटले.

"काका, ऐकू यायलंय?"

"एकदम टकाटक!"

"स्पष्ट का खरखर?"

"स्पष्ट की! तुझाच आवाज न्हवं? जॉबरची पोरगी काय बोलतीया!"

चहाच्या गाड्यावर सात जण होते. सातही जणांनी कान लावला आणि मान डोलावली. एकानं तर डोळे मिटून भजन ऐकल्यासारखं केलं आणि बाकीचे खो खो हसले. कट्टीमनीकाकांनी रेडिओ उलटा धरला.

"काका, उलटा धरलाय."

"उलटाच बरा येतोय. कर टीक."

मी टिका करत गेले. स्पष्ट, स्पष्ट, स्पष्ट. एकतीस झाले. खरखर एकही नाही. मला वाटलं, फिरोजभाईंचा अँटेना भारी आहे. मला वाटलं, माझा आवाज भारी आहे.

बत्तिसावे पप्पा. ते मोरीत हात धुऊन नुकतेच बसले होते. शेजारच्या शेडचा खडखडाट आमच्या भिंतीतून घरात येतच असतो, मला तर त्याच्याशिवाय झोप लागत नाही. मी रेडिओ त्यांच्या कानाला लावला.

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग डोळे बारीक केले, मान तिरकी केली. आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मी तो कधी बघितला नव्हता.

"लई भारी," ते म्हणाले. "तुझाच आवाज. स्वच्छ यायलाय."

"काय म्हणतेय मी?"

"हां हां," पप्पा म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. मी टीक केली, त्यांनी सही केली. महादेव बा. मुसळे. मग ते चहाला बाहेर गेले.

आई चुलीपाशी होती. आई कांडीवाली आहे, दिवसभर कांड्या भरते. हात पुसत आली आणि म्हणाली, "मला पण ऐकव की गं तुझा आवाज." मी रेडिओ दिला. तिनं कानाला लावला, काढला, हलवला, परत लावला.

"कुठं काय? बंद हाय की हे."

मी हातात घेतला. खटका चालू होता. चाक पूर्ण फिरवलेलं होतं. लाल दिवा लागलेला नव्हता. सेल संपलेले होते.

"आत्ता गेले असतील," मी म्हटलं. "आत्ता तर पप्पांनी ऐकलं."

आईनं उंबऱ्यातून बाहेर बघितलं, पप्पा लांब गेलेत का ते. मग दार पुढं ओढलं.

"कधीपासून?" मी विचारलं. मला रेडिओबद्दल विचारायचं होतं.

"तू पहिलीत होतीस," आई म्हणाली.

मी रेडिओचा खटका बंद केला.

"मालकाला कळलं तर जॉबरकी जाईल," आई हळू बोलत होती. "बहिऱ्या जॉबरला कोण ठेवंल? त्यांचं चाललंय हातावर. हात लावला की त्यांना कळतंय. कुणाचं काय अडलंय का? मग गप ऱ्हा. सनाला पण सांगायचं न्हाई. माझी शपथ हाय तुला."

"पण आई, फॉर्म..."

"फॉर्म दे तसाच. एक कागद तर हाय."

मी रात्री तो फॉर्म वहीखाली ठेवून झोपले. सेल नेमके कधी संपले? चहाच्या गाड्याआधी की नंतर? दुसऱ्या दिवशी नवे सेल घालून परत फिरता आलं असतं. चाचणी एक दिवस वाढवा म्हटलं असतं तर मॅडम नाही म्हणाल्या नसत्या. पण मग कुणीतरी 'नाही' म्हटलं असतं. मग सूचना रेडिओवर गेली नसती. मग माइक गेला असता. आईची शपथ होतीच. पण शपथ नसती, तरी मी काय केलं असतं, हे मला माहीत आहे.

सकाळी मी मॅडमच्या हातात फॉर्म दिला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला.

"बत्तीसच्या बत्तीस स्पष्ट?"

"हो मॅडम."

"सनाच्या गल्लीत नऊ जणांनी नाही म्हटलंय. तिथं आपण थाळी चालूच ठेवू. तुझ्या गल्लीत लाइनमनची गरज नाही म्हणून कळवते मग."

"हो मॅडम," मी म्हटलं.

*

शुक्रवारी रेडिओ धोटा सुरू झाला. स्टुडिओच्या दारात फिरोजभाईंनी झेंडूचं तोरण बांधलं होतं, आणि लाईट नसल्यानं सगळी यंत्रं बॅटरीवर जोडली होती. मॅडम इस्त्रीची साडी नेसल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक शेडमध्ये मालकाच्या टेबलावर एकेक रेडिओ ठेवला होता, सेलवर चालणारा. नवे सेल मी स्वतः घातले होते, एकेक तपासून.

संध्याकाळी पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी फोन आला. फिरोजभाईंनी बोट वर केलं. माइकसमोरचा छोटा दिवा लागला.

"नमस्कार. रेडिओ धोटा. पाच मिनिटांत वीजपुरवठा सुरू होणार आहे. सर्वांनी मागांपासून हात बाजूला घ्यावेत. पुन्हा एकदा सांगते..."

मी सहा वेळा वाचलं. एकदाही अडखळले नाही. सहा वाजता डोक्यावरचा बल्ब लागला, आणि खोलीत टाळ्या पडल्या. सनानं मला मिठी मारली. खिडकीतून आमच्या गल्लीचा आवाज यायला लागला. आधी एक माग, मग दहा, मग सगळे.

मागांच्या गावात वाढलेल्या माणसाला खडखडाट ऐकू येत नाही. तो थांबला की ऐकू येतो. पाचेक मिनिटांतच एका शेडचा आवाज थांबला. मग त्याच्या शेजारचा. मग पलीकडचा. टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. फिरोजभाई म्हणाले, "लाईट गेली काय परत?" पण बल्ब चालूच होता.

मी पळत सुटले.

आमच्या गल्लीत एक खोड आहे. वीज नसताना सगळ्या मागांचे खटके बंद करतात, एकाचा सोडून. लाईट आली की तो एक माग आपोआप धडधडतो आणि सगळ्यांना कळतं. त्याला आम्ही घंटेचा माग म्हणतो. लहानपणापासून बघत आले, त्यात काही चुकीचं आहे असं कुणालाच कधी वाटलं नव्हतं. त्या शुक्रवारी पप्पांच्या शेडमधला घंटेचा मागच बिघडला होता, आणि त्याचा खटका नेहमीसारखा चालू होता. दिवसभर बाकीची कामं उरकून ते शेवटी त्याच्याकडं वळले होते. वाकून, उजवा हात दातेरी चाकांच्या आत घालून.

"मी हाक मारली की!" कट्टीमनीकाका शेडच्या दारात उभे होते आणि जो येईल त्याला तेच सांगत होते. मला बघितल्यावर त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. "मी हाक मारली गं पोरी. रेडिओवर सांगायलेत म्हणून सगळी बाहेर आली. मी दारातून वळून ओरडलो, जॉबर, पाच मिनिटात लाईट! त्यानं माझ्याकडं बघितलं. हां हां म्हटला. हात पण वर केला. मला काय म्हाईत..."

"कुठला हात वर केला?" मी विचारलं. असलं काहीतरी विचारतात का? पण मी विचारलं.

"डावा," कट्टीमनीकाका म्हणाले.

पप्पांना तोवर जिल्ह्याच्या गावाला नेलं होतं. टेबलावरचा रेडिओ अजून चालूच होता. फिरोजभाईंनी गाणं लावलं होतं.

*

तीन बोटं आणि अर्धा तळहात. डॉक्टरांनी आईला सांगितलं ते एवढंच. पुढचे पाच दिवस आई दवाखान्यात होती आणि मी सनाच्या घरी जेवत होते. सना बाजूला बसून माझ्या ताटात भाकरी वाढायची, आणि मला वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, शपथ.

बुधवारी स्टुडिओत बैठक झाली. पप्पांचे मालक पण आले होते. माणूस वाईट नाही, दवाखान्यात दोनदा जाऊन आला होता. पण त्याच्या हातात माझ्या फॉर्मची झेरॉक्स होती.

"मला बोल लावतात लोक," ते म्हणाले. "हे बघा. स्वतः जॉबरची सही. स्पष्ट. रेडिओवर सांगितलं, कट्टीमनीनं सांगितलं, तो हां म्हटला. आता बेफिकिरी करायची आणि..." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि थांबले.

मॅडमनी झेरॉक्स हातात घेतली. पप्पांच्या सहीवर बोट ठेवलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"स्वरूपा, हा फॉर्म तूच भरलास ना?"

"हो मॅडम."

"यांना ऐकू आलं होतं?"

खोलीत अकरा जण होते. अंड्यांच्या ट्रेमुळं त्या खोलीत आवाज घुमत नाही. बोललं की शब्द लगेच मरतो.

"हो मॅडम," मी म्हटलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. आवाज थकलेला होता. "मग परवाच्या शुक्रवारी पण याच पद्धतीनं. तू वाचशील? नाहीतर दुसऱ्या कुणाला सांगते."

"वाचते," मी म्हटलं.

*

गुरुवारी पप्पा घरी आले. उजव्या हाताच्या जागी पांढरा गठ्ठा. ते भिंतीला टेकून बसले. मी पाणी दिलं. नेहमीसारखी वळून बोलणार होते, तेवढ्यात थांबले, आणि जाऊन त्यांच्या समोर बसले. गुडघ्याला गुडघा.

"दुखायलंय?" मी विचारलं.

ते माझ्या ओठांकडं बघत होते. इतकी वर्षं मला वाटायचं, ते माझ्याकडं कौतुकानं बघतात.

"तुला सांगितलं आईनं," ते म्हणाले.

"हो."

"बरं झालं. एकदम न्हाई गेलं. हळूहळू गेलं. शेवटचं काय ऐकलं, ते पण आठवत न्हाई. हात होता म्हणून भागलं."

"माझं भाषण? बक्षीस मिळालं ते?"

"पहिल्या रांगेत बसलो होतो की. तोंड बघत होतो तुझं." ते हसले. "लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या."

"आणि शाळेच्या हॉलमध्ये? मी प्रश्न विचारला तेव्हा तुम्ही हसलात."

"सगळी हसली की," पप्पा म्हणाले. "काय विचारलं होतंस?"

मी त्यांच्या हातातला पाण्याचा पेला घेतला. आई चुलीकडून वळली नव्हती, पण तिचा हात थांबला होता.

"मालक येऊन गेले," आई म्हणाली. तिनं त्यांच्याकडं तोंड करून हळू सांगितलं. "वॉचमनकी देतो म्हणायलेत."

"हां. मला म्हटले तिकडंच." पप्पांनी माझ्याकडं बघितलं. "म्हणून सांगतोय, स्वरू. हात गेला ते सगळ्यांनी बघितलं. कान गेला ते कशाला दाखवायचं? बहिऱ्याला वॉचमन कोण ठेवंल?"

खरं होतं. मी खाली बघितलं.

"पप्पा," मग मी वर बघून म्हटलं, "आपल्या गल्लीत अजून किती जणांना येत नाही?"

"काय?"

"ऐकू. किती जणांना येत नाही ऐकू?"

"आता ते कशाला..."

"तुम्हाला माहीत असतंय. एकमेकांचं माहीत असतंय ना तुम्हाला?"

त्यांनी आईकडं बघितलं. मग त्यांनी डावा हात पुढं घेतला आणि अंगठ्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. नावं घेतली नाहीत, ओठ नुसते हलत होते. पण मला ती वाचता आली. चहाच्या गाड्यावर डोळे मिटून बसलेला तो. कोपऱ्यातल्या शेडमधले दोघे भाऊ. रेडिओ उलटा धरणारे कट्टीमनीकाका? नाही, त्यांच्यावर अंगठा क्षणभर थांबला आणि पुढं गेला. त्यांना एका कानानं येत असावं. डाव्या हाताची बोटं संपली. त्यांनी उजवा हात उचलला. पांढऱ्या गठ्ठ्याकडं बघितलं. तसाच खाली ठेवला.

"आहेत," ते म्हणाले. "हातावर मावत न्हाईत."

शेजारच्या शेडचा खडखडाट भिंतीतून येत होता. उद्या शुक्रवार. उद्या संध्याकाळी पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी मी माइकवर स्वच्छ, न अडखळता वाचणार, आणि कुणीतरी चाकात हात घालून कुणाच्या तरी तोंडाकडं बघून हां हां म्हणणार.

मी उठले. ट्यूबलाईटच्या खाली उभी राहिले, माझं तोंड त्यांना नीट दिसेल अशी. आईलाही हात करून जवळ बोलावलं. आमच्या घराची भिंत पातळ आहे, आणि हे शेजाऱ्यांच्या आधी माझ्या घरानं ऐकायला हवं होतं. म्हणून मी आवाज काढलाच नाही. मागावर बोलतात तसं बोलले, नुसते ओठ हलवून, एकेक शब्द सुटा करून. दोघंही त्याच भाषेत जन्म काढलेली माणसं. आईचा हात तिच्या तोंडाशी गेला. पप्पांची नजर माझ्या ओठांवरून हलली नाही.

"मी आत्ता मॅडमकडं जायलेय," मी म्हटलं. "फॉर्म खोटा आहे म्हणून सांगणार. रेडिओ बंद होता आणि फॉर्म देताना मला ते माहीत होतं, हे पण सांगणार. उद्या माइकवर दुसरं कुणीतरी वाचू दे. मी सायकल आणि थाळी घेऊन आपल्या गल्लीत फिरणार. प्रत्येक मागापाशी जाऊन, माणसाच्या समोर उभं राहून. आणि कुणी विचारलं, त्या बत्तिसांत बहिरा कोण, तर दुसऱ्या कुणाचं नाव मी घेणार नाही. पप्पा, फक्त तुमचं घेणार."